उघड्या भांड्यावरून हात

परुळेकरबाई हात धुवायला फार वेळ लावत. बोटं, बोटांच्या बेचक्या, नखं, मनगट आणि तिथून वर थेट कोपरापर्यंत. खानावळीत मोरी एकच, मागे भुकेली माणसं उभी. पहिल्याच दिवशी मी म्हटलं, "बाई, जेवायचंय की कुणाचं बाळंतपण करायचंय?" त्यांनी वळून पाहिलंसुद्धा नाही. "सवय आहे," म्हणाल्या आणि दुसरा हात धुवायला घेतला.

आमची खानावळ लालबागला, चाळीच्या तळमजल्यावर. दोन खोल्या. एकीत आम्ही राहायचो, दुसरीत लोक जेवायचे. गिरण्या चालू होत्या तेव्हा सगळे आमच्या मालवणकडचे गिरणीतले गडी. गिरण्या बंद पडल्या तसे तेही गेले, कुणी गावाला, कुणी वर. मग परळच्या हॉस्पिटलांत पेशंट घेऊन आलेले लोक यायला लागले, आणि त्यांच्या मागून तिकडच्याच एका प्रयोगशाळेतली मुलं. मुलांबरोबर एकदा बाई आल्या. त्या दिवशी बांगड्याचं तिखलं होतं. बाई जेवून उठल्या तेव्हा ताटात माशाचा काटा डोक्यापासून शेपटीपर्यंत अख्खा होता, कंगव्यासारखा स्वच्छ. मांजराला टाकला तर मांजर हुंगून निघून गेलं. दुसऱ्या दिवसापासून बाई रोज यायला लागल्या.

मुलं त्यांना मॅडम म्हणत, मी बाई म्हणायचे, त्या मला काकी म्हणायच्या. वयाने आम्ही जवळपास सारख्याच, पण खानावळवालीला सगळे काकीच म्हणतात. राहायला त्या ठाकूरद्वारच्या एका वाडीत, आईजवळ. लग्न केलं नव्हतं. का नाही केलं, हे मी विचारलं होतं. मला असलं विचारायला लाज वाटत नाही. "राहून गेलं," म्हणाल्या, जसं एखादीचं दळण टाकायचं राहून जातं तसं. उंच, पाठीत जरा वाकलेल्या, सुती साडी, हातात बांगडी नाही. डोळ्यांखाली कायम लाल वळ असायचे. दिवसभर मायक्रोस्कोपला डोळे लावून बसायच्या, त्याचे.

दुसरी सवय हात धुण्याहून वाईट. उघड्या भांड्यावरून कुणाचा हात गेलेला त्यांना खपायचा नाही. मी आमटीच्या टोपावरून हात नेऊन भाताचं पातेलं ओढलं की त्यांचा घास थांबायचा. झाकण काढून कसं ठेवायचं, पालथं की उताणं, यावरही त्यांचं काही म्हणणं होतं. एकदा सरळच बोलल्या, "काकी, उघड्या भांड्यावरून हात नेऊ नका. हातावरचं सगळं आत पडतं. दिसत नाही, पण पडतं."

मी म्हटलं, "माझ्या घरात माझा हात कुठून न्यायचा ते मी बघीन. गिरणीतली माणसं याच आमटीवर जगली."

"माणसं जगतात," त्या म्हणाल्या. "माझी नाही जगत." आणि आमटी मागून घेतली.

त्यांची म्हणजे त्यांच्या पेशी. हे आम्हाला कळायला बराच काळ गेला. डॉक्टर म्हटल्यावर चाळीतल्या बायका आधी त्यांना जीभ काढून दाखवायच्या. बाई सांगायच्या, मी माणसांची डॉक्टर नाही. समोरच्या खोलीतल्या शेवंताने विचारलं, मग कोणाची. बाई म्हणाल्या, पेशींची, डोक्यातल्या. शेवंताने विचार केला आणि म्हणाली, "मग माझ्या बघा की. सकाळपासून डोकं चढलंय." बाईंनी तिच्याकडे नीट बघितलं. "तुमच्या पेशी बघायला तुमचं डोकं उघडावं लागेल," म्हणाल्या. "उद्या वेळ आहे तुम्हाला?" त्यानंतर कुणी जीभ काढली नाही.

गणपतीत वेगळाच घोळ झाला. त्या दिवसांत आमच्याकडे रस्त्यावर दोर लावलेले असतात, आत येणाऱ्याला बाहेर जाता येत नाही. बाई दोराखालून वाकून निघाल्या, तर मंडळाच्या पोराने अडवलं. कुठे म्हणून विचारलं. बाई घाईत होत्या. "सोड रे, पोरं उपाशी आहेत माझी," म्हणाल्या. पोराने दोर वर धरला. संध्याकाळपर्यंत चाळभर झालं की परुळेकरबाईंना पोरं आहेत आणि ती परळला ठेवलीत. शेवंताने तर बाप कोण हेही ठरवून टाकलं होतं, प्रयोगशाळेतला कुठलासा टक्कल पडलेला साहेब. मी बाईंना तोंडावर विचारलं. त्या इतक्या हसल्या की ठसका लागला. म्हणाल्या, पेशींना दिवसाआड नवं पाणी घालावं लागतं, साखर-मीठ घातलेलं. त्यांना गणपती नाही, दिवाळी नाही. नाही घातलं तर मरतात. मी म्हटलं, "मग पोरंच ती."

मी त्या पेशी बघून आलेय. बाईंनीच नेलं होतं. काचेतून बघितलं तर आधी मला माझीच पापणी दिसली. मग घावनाला सुटते तशी जाळी दिसली. करड्या रंगाचे ठिपके आणि ठिपक्यांतून निघालेले धागे. बाई म्हणाल्या, ही मेंदूची पेशी, उंदराच्या मेंदूतली. ती धागा पुढे टाकते आणि दुसरीला शोधते. दोघींचे धागे भिडले की निरोप जातो. म्हातारपणी, काही आजारांत, हे धागे आखडतात. ते परत वाढवता येतील का, हे त्या बघत होत्या. सारं आयुष्य तेवढं एकच बघत होत्या. मी विचारलं, वाढतात का. तेव्हा त्यांचा चेहरा असा उजळला, तसा मी एकदाच पाहिला. एका झाडाच्या सालीतून काढलेलं रसायन होतं. ते घातलं की वाढतात, म्हणाल्या.

इथे मला आमच्या ह्यांचं सांगायला हवं. फार नाही सांगत. हे गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. तुटलेला धागा बोटाच्या एका झटक्यात जोडायचे, बघणाऱ्याला गाठ दिसायची नाही. मग कंपवात झाला. हात असा थरथरायचा की पाण्याचा पेला तोंडापर्यंत जाईपर्यंत अर्धा अंगावर. लोक ह्यांना तात्या म्हणत. बाईंना तात्यांशी बोलायला आवडायचं. गाठ कशी मारायचे, कुठलं बोट आधी, हे त्या पुन्हा पुन्हा विचारायच्या. तात्या थरथरत्या हातांनी दाखवायचे आणि त्या टक लावून बघायच्या. मला वाटतं त्या गाठीपेक्षा हात बघत असाव्यात.

तर त्या रसायनाची बातमी पेपरात आली. बाईंचा फोटो आला, आणि वर मोठ्या अक्षरांत थरथरत्या हातांना दिलासा की असंच काही. ह्यांनी शेवंताच्या पोरीकडून ते कापून घेतलं आणि आरशाच्या चौकटीत खोचलं. बाईंनी दुसऱ्या दिवशी बघितलं. म्हणाल्या, "तात्या, हे काढा. हे अजून बाटलीतच आहे. माणसात यायला आपल्या दोघांचं आयुष्य पुरणार नाही." तात्या म्हणाले, बाटलीत हा मां? मग भायर येतला. त्यांनी काढलं नाही. बाईंनी पुन्हा सांगितलं नाही, पण जेवताना त्या आरशाकडे पाठ करून बसायला लागल्या.

अशी बरीच वर्षं गेली. बाईंचं नाव झालं. परदेशात बोलावणी आली, आमच्या भिंतीवर त्यांनी आणलेली कुठकुठल्या देशांची चित्रं लागली. त्यांच्या हाताखाली शिकून मुलं मोठी झाली. मिलिंद नावाचा एक होता, भात तिसऱ्यांदा मागून घेणारा. तो त्याच पेशींवर काम करून डॉक्टर झाला आणि बाहेर मोठ्या जागेवर गेला. बाईंच्या रिटायर व्हायला थोडे दिवस उरले होते तेव्हा रेश्मा आली.

रेश्मा कुर्ल्याची, बारीक, बोलायला हळू. काही दिवस ती ताटात भात ठेवून उठायला लागली. मी बोलले, माझ्या खानावळीत भात टाकायचा नाही. तिला रडू आलं. बाई समोरच बसल्या होत्या. काय झालं, म्हणून विचारलं. ती म्हणाली, मॅडम, माझ्याकडून काहीतरी चुकतंय. त्या पेशी खरंच कुठल्या, हे तपासायची आता नवी पद्धत आहे, ती तिने करून बघितली होती. पुन्हा पुन्हा केली. दर वेळी तेच उत्तर. ह्या मेंदूच्या पेशी नाहीतच.

बाई बांगडा सोलत होत्या. हात थांबला नाही. त्यांनी काटा पूर्ण सोडवला, ताट संपवलं, मोरीवर जाऊन कोपरापर्यंत हात धुतले. "चल," म्हणाल्या, "दोघी मिळून करून बघू."

त्यानंतर कित्येक दिवस बाई जेवायला आल्या नाहीत. डबा पाठवला तर भरलेला परत यायचा. आल्या तेव्हा गालफडं बसली होती. जुन्या पेशी त्यांच्याकडे टाकीत गोठवून ठेवलेल्या असतात, लोणच्यासारख्या वर्षावर्षाच्या. त्यांनी एकेक वर्ष मागे जात काढून तपासल्या. अगदी पहिल्या कुपीपर्यंत. तीही मेंदूची नव्हती. कुठल्या तरी दुसऱ्याच, भराभर वाढणाऱ्या पेशी होत्या. कधी तरी त्यातली एखादी बाटलीत पडली होती आणि तिने बाकीच्यांना खाऊन घर केलं होतं.

मी रागावले. मला ह्यांचा आरसा दिसत होता. म्हटलं, "इतकी वर्षं त्या नळकांड्यातून काय बघत होतात मग?"

बाई ताक प्यायल्या. मग त्यांनी विचारलं, "काकी, तुमचं विरजण कुठलं?"

"सासूचं," मी म्हटलं. ते मी अभिमानाने सांगायचे. सासूने गावाहून बोटीने आणलं होतं, आणि मी ते एक दिवस मोडू दिलं नव्हतं. अर्ध्या लालबागने माझ्याकडून विरजण नेलंय. दिवेलागणीनंतर मागायला आली तर देत नसे, पण एरवी कुणाला नाही म्हटलं नाही. बाईंनीही आईसाठी नेलं होतं.

"ते अजून सासूचंच आहे, हे कशावरून?"

"म्हणजे काय? रोज दही लागतं की."

"मीही तेच म्हणत होते," बाई म्हणाल्या. "मला माझ्या सरांनी दिल्या. सरांना त्यांच्या सरांनी. मी मिलिंदला दिल्या, त्याने आणखी कुणाला. रोज वाढत होत्या. मी कधी विचारलं नाही."

सरांकडूनच तशा आल्या की इथे पहिल्या दिवसांत बिघडल्या, हे कळायला मार्ग नव्हता. सर वारले होते. बाईंनी सरांवर ढकललं असतं तर कुणी काही म्हटलं नसतं. तसं ढकललं नाही.

मी धाग्यांचं विचारलं. धागे तर मी माझ्या डोळ्यांनी पाहिले होते. बाईंनी ताटातल्या भाताची एक मूद केली, त्यावर बोटं टेकली आणि हळूच उचलली. शितं बोटांना चिकटून ताणली गेली. "ते रसायन त्यांना सोसत नव्हतं," म्हणाल्या. "त्या मरत होत्या, काकी. अंग आकसून घेत होत्या. आकसताना मागे जे चिकटून राहिलं, ते मला पुढे केलेले हात वाटले."

मी ताकाचं भांडं त्यांच्याकडे सरकवलं.

आता प्रश्न होता तो हे सांगायचं की नाही. कुणी विचारत नव्हतं. प्रयोगशाळेतल्या मोठ्या साहेबांनी सुचवलं की चारदोन महिन्यांत तुम्ही मोकळ्या होताय, राहू द्या. सांगितलं असतं तर आयुष्याचं काम आपल्या हाताने पुसायचं होतं. बाईंनी सगळ्या जुन्या मुलांना कळवलं. मिलिंद विमानाने आला. जुन्या सवयीने खानावळीतच भेटले, कोपऱ्यातल्या टेबलावर. मी वाढत होते, त्यामुळे ऐकलं. ऐकायचं नव्हतं असं म्हणणार नाही.

तो म्हणाला, काही वर्षांत लोक आपोआप विसरतील, जुनं काम कोण वाचतो. बाई म्हणाल्या, तोवर त्यावर आणखी किती जण काम करतील. तो म्हणाला, ते त्यांचं तपासून घेतील.

"तू तपासलंस?" बाईंनी विचारलं. "मी तपासलं?"

मिलिंद आवाज खाली आणून म्हणाला, "मॅडम, तुमचं काय जातंय? तुम्ही रिटायर होताय. माझं सगळं याच्यावर उभं आहे. मला अजून मुलं शिकवायचीयत."

"खरंय," बाई म्हणाल्या. "तुझं माझ्यापेक्षा जास्त जाईल. म्हणून तुला आधी सांगितलं. पण मी सांगणार."

तो ताट तसंच टाकून उठला. पोरगा वाईट नव्हता. मी त्याच्या जागी असते तर मीही हेच म्हटलं असतं, आणि बाईंच्या जागी असते तर गप्प बसले असते. खोटं कशाला बोलू. शेवटी त्याने चूक कबूल करायच्या कागदावर सही केली, पण बाईंशी पुन्हा बोलला नाही.

जगाला सांगायच्या आधी बाई ह्यांच्याकडे आल्या. दुपारची वेळ, गर्दी ओसरली होती. हे खाटेवर बसले होते. बाईंनी खुर्ची समोर ओढली, चष्मा काढून हातात धरला. म्हणाल्या, "तात्या, ते पेपरातलं खोटं ठरलं. मुद्दाम नव्हतं, पण चुकलं. ते औषध येणार नाही." पुढे पेशींचं सांगायला लागल्या, विरजणाचं, आकसण्याचं. ह्यांचा हात मांडीवर उडत होता. मध्येच ह्यांनी विचारलं, "मगे, जेवलात काय?"

बाई म्हणाल्या, नाही.

"मग आधी जेवा."

मी पान वाढलं. बाई जेवायला बसल्या, या वेळी आरशाकडे तोंड करून. मी तो कागद काढायला हात घातला तर हे म्हणाले, "रवांदे थंयच. फोटो बरो इलो हा." बाईंचा घास हातातच राहिला. रडल्या नाहीत. बाई रडणाऱ्यातल्या नव्हत्या, मीही नाही. ह्यांना जाऊन वर्षं झाली. कागद अजून आरशात आहे. सुनेने दोनदा काढायला घेतला, मी काढू दिला नाही.

बाईंनी स्वतःच्या नावाने छापून टाकलं की आपलं काम चुकीचं होतं, कुणी त्यावर विसंबू नये. आणि नेमका तेव्हाच ठाकूरद्वारच्या त्यांच्या वाडीने सत्कार ठरवला. वाडीतली पहिली शास्त्रज्ञ म्हणून. बाईंनी आधी नको सांगितलं. मंडळवाले म्हणाले, हॉल घेतलाय, नगरसेवक येतायत. मग बाईंना वाटलं, बरंच आहे, चारचौघांत सांगून होईल. मी आणि शेवंता गेलो. शेवंता हिंदमाताहून घेतलेली नवी साडी नेसून आली होती, सत्कार तिचाच असल्यासारखी.

शाल घातली, नारळ दिला. नारळ बाईंनी खाली माझ्याकडे दिला. मग बोलायला उभ्या राहिल्या आणि सगळं सांगितलं. मला सांगितलं होतं तसंच, साधं. ज्या कामासाठी तुम्ही मला बोलावलंत ते काम चुकीचं आहे, म्हणाल्या. लोक एकमेकांकडे बघायला लागले. मग पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने टाळ्या वाजवल्या, आणि हॉलभर टाळ्या झाल्या. नगरसेवकाने माइक घेतला. मोठी माणसं अशी असतात, म्हणाला. एवढं करून म्हणतात, मी काही केलं नाही.

बाईंनी माइक परत घेतला. "मी काही केलं नाही, असं म्हटलं नाही," म्हणाल्या. "चुकीचं केलं, असं म्हटलं. टाळ्या वाजवू नका."

आणखी जोरात वाजल्या. मागून कुणी तरी म्हणालं, काय साधेपणा. बाईंनी शाल काढून खुर्चीच्या पाठीवर ठेवली आणि खाली उतरल्या. माझ्याशेजारी येऊन बसल्या. "काकी, तुम्हाला तरी कळलं ना? तुम्ही नाही वाजवल्यात."

"माझ्या मांडीवर तुमचा नारळ होता," मी म्हटलं.

त्यावर त्या हसल्या. किती दिवसांनी हसल्या.

ठाकूरद्वारला टाळ्या पडल्या, पण परळला नाही. प्रयोगशाळेतली त्यांची खोली दुसऱ्या कुणाला दिली. परदेशची बोलावणी थांबली. ज्यांनी त्यांच्या कामावरून पुढचं काम केलं होतं, ते बरंच वाईट बोलले म्हणे. रेश्माचं सगळं पहिल्यापासून. ती सोडून जाईल असं मला वाटलं, नाही गेली. बाई रिटायर झाल्यावर तिच्याच टेबलाजवळ स्टूल टाकून बसायला लागल्या, पगार नाही, नाव नाही. उंदराच्या पिल्लांच्या मेंदूतून खऱ्या पेशी काढायच्या, त्या तपासायच्या, महिना झाला की परत तपासायच्या, आणि मग तेच रसायन घालून बघायचं. मी म्हटलं, आता कशाला. चुकलं ते सांगून झालं ना. बाई म्हणाल्या, "चुकलं एवढंच सांगितलंय. बरोबर काय, ते कुठे सांगितलं?"

गेल्या थंडीत बाई गेल्या. झोपेत गेल्या, त्यात सांगण्यासारखं काही नाही. मिलिंद आला नाही. रेश्माचं काम त्यानंतर पुरं झालं, ती मला सांगायला आली होती. त्या रसायनाने खऱ्या पेशींचे धागे वाढत नाहीत. मी तिला जेवायला वाढलं, तिने भात टाकला नाही.

बाईंना शेवटचं पाहिलं ते त्या टेबलाशीच. त्यांना जिने उतरवेनात म्हणून सून डबा पाठवायची. त्या दिवशी सून गावाला, म्हणून मी स्वतः घेऊन गेले. दारातच मला पांढरा डगला घालायला लावला आणि रेश्मा म्हणाली, काकी, हात धुवा. मी धुतले. आतून बाईंचा आवाज आला, "कोपरापर्यंत."

"बाळंतपण आहे का कुणाचं?" मी म्हटलं.

"जवळपास," बाई म्हणाल्या.

स्टुलावर बसल्या होत्या. डोळ्यांचा पडदा खराब झाला होता, कडेचं दिसायचं, मधलं नाही. ज्या डोळ्यांखाली कायम वळ असायचे, तिथे आता काही नव्हतं. त्यांनी मला मायक्रोस्कोपवर बसवलं आणि विचारलं, काय दिसतं.

मी म्हटलं, ठिपके आणि धागे. पूर्वीसारखेच.

"धागा पुढे जातोय की मागे राहिलाय?"

मी पुष्कळ वेळ बघितलं. डोळा दुखेपर्यंत. बाईंना हवं ते सांगावं असंही मनात आलं. "मला नाही कळत," मी म्हटलं.

बाईंनी मान हलवली, बाजारात वजन बरोबर भरल्यावर आपण हलवतो तशी. "एकदा बघून मलाही कळत नव्हतं," म्हणाल्या. "मला वाटायचं कळतं." रेश्माने तिथे एक कॅमेरा बसवला होता, तो दिवसभर फोटो काढत राहतो, मग धागा कुठून कुठे गेला ते दिसतं. थांबावं लागतं एवढंच.

डबा बाहेरच्या खोलीत ठेवलाय, गार व्हायच्या आत खा, असं सांगून मी उठले. रेश्माने पेशींची बाटली काढली. त्यांना खायला घालायची वेळ झाली होती. मी दारातून वळून पाहिलं. बाई टेबलावर दोन्ही हात ठेवून बसल्या होत्या, समोर काय आहे ते त्यांना दिसत नव्हतं. बाटलीचं झाकण फिरल्याचा बारीक आवाज झाला. बाईंनी दोन्ही हात टेबलावरून उचलले आणि आपल्या मांडीत घेतले.